कारणाचा रकाना

अक्का,

परवा विहारात तुझा जलदान विधी झाला. पंचशील म्हणून झालं, मेणबत्त्या लावून झाल्या, आणि मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल दोन शब्द बोलायला लागला. तुला हसू आलं असतं. कुणी म्हणालं, हिने भरलेला अर्ज कधी परत आला नाही. एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं की त्यांच्या बायकोचं आधार कार्डावर नाव चुकलं होतं, ते तू तीन खेपा करून दुरुस्त केलंस आणि वर त्यांनाच रागावलीस. सगळे बोलून झाल्यावर तुझ्या आबांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "हाई पोर बोलालेच शिकी राहिनी. हाई बोली."

मी उठले. माइक हातात घेतला. "अक्का माझी मोठी मावसबहीण," एवढं म्हणाले आणि पुढचं येईना. खाली बसले. बायांनी पाठीवरून हात फिरवला, कुणी पाण्याचा पेला पुढे केला. फार जीव होता हिचा तिच्यावर, असं मागून कुणीतरी म्हणालं. मला ते हात नकोसे झाले होते. रडू आलं म्हणून मी गप्प झाले नव्हते. तुझ्यावरचं भाषण मी एकदा करून बसले होते, दोन वर्षांपूर्वी, इंग्रजीत, न अडखळता. तेव्हा तू जिवंत होतीस, आणि त्या वेळी बहुधा सोनगीरच्या सेवा केंद्रात बसून कुणाचा तरी उत्पन्नाचा दाखला काढत होतीस.

हे तुला ठाऊक होतं. पण जे तुला ठाऊक नव्हतं असंही एक आहे, आणि ते सांगायला मी एवढा उशीर केला की आता ऐकायला तू नाहीस. तरी पहिल्यापासून सांगते. अर्धवट अर्ज तू कधी कुणाचा घेतला नाहीस, माझाही घेऊ नकोस.

डॉक्टरकीच्या परीक्षेत मी दोनदा आपटले, ते सगळ्या धुळ्याला माहीत होतं. मग बी.एस्सी. झाली. पुढे काय, तर कुणीतरी फोनवर एक जाहिरात पाठवली, जनुकीय समुपदेशनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. घराण्यात चालत आलेल्या आजाराबद्दल माणसाला नीट समजावून सांगायचं, त्याला घाबरवायचं नाही, आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यायचा, असं ते काम. पप्पा म्हणाले, नुसतं बोलायला दोन वर्षं कशाला शिकावं लागतं? तू तेव्हा आमच्याकडे जेवायला होतीस. भाकरी मोडता मोडता म्हणालीस, "बोलालेच त शिकनं पडस, काका." त्या वाक्यावर मी तुझ्याकडे पाहिलं नाही. ताटात पाहत राहिले.

अर्ज तूच भरलास. केंद्रात गर्दी होती, तरी मला खुर्ची दिलीस. ओटीपी तुझ्या फोनवर, ईमेल तुझाच, कारण माझ्या पासवर्डवर तुझा भरवसा नव्हता. भराभर रकाने भरत गेलीस आणि शेवटी थांबलीस. 'हा अभ्यासक्रम का करायचा आहे? दोनशे शब्दांत लिहा.' तू बोट ठेवून विचारलंस, "यामा काय लिखू?" मी म्हणाले, राहू दे, मी घरी जाऊन लिहिते. कोरा रकाना ठेवून उठणं तुझ्या जिवावर आलं होतं. "आजच भर, सकाय विसरशी," म्हणालीस आणि पासवर्ड कागदावर लिहून दिलास.

विसरले नाही मी. घरी बसून पहिल्यांदा खरंच लिहिलं होतं की माझ्या बहिणीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, रुग्णांना मिळतं ते लाल कार्ड आहे, लहानपणापासून तिचं अंग ठणकताना मी पाहत आले. वाचून पाहिलं तर ते फिकं वाटलं. ओळखीच्या एका मुलीने सांगितलं होतं की तिथे कारण पाहतात, काळजाला भिडणारं काहीतरी हवं. मग मी 'आहे' खोडलं. कळफलकावर दोन अक्षरं मागे जायला किती वेळ लागतो? तिथे लिहिलं की माझी बहीण सव्विसाव्या वर्षी गेली, आणि तिच्या जाण्यानंतर मी ठरवलं की दुसऱ्या कुठल्या घरावर ही वेळ येऊ द्यायची नाही. तुला सव्विसावं चालू होतं, ते मात्र मी बरोबर लिहिलं. बाकी सगळं झाल्यावर वय बरोबर लिहिण्याचा प्रामाणिकपणा माझ्यात होता.

मुलाखतीतही तेच बोलले. समोरच्या बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. माझी निवड झाली.

पहिल्या दिवशी वर्गात आम्हा सगळ्यांना पुन्हा तोच प्रश्न. गोल करून बसवलं आणि एकेकाने सांगायचं, तू इथे का आलीस, का आलास. नागपूरकडच्या एकीचा भाऊ दर तीन आठवड्यांनी रक्त चढवून घेत होता. ती फार थोडं बोलली, आणि तिचं सगळं खरं होतं हे ऐकणाऱ्याला कळत होतं. एकीच्या घरात मतिमंद काका होते आणि त्यांच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे, म्हणून ती आली होती. एक लातूरचा मुलगा होता. तो म्हणाला, "मॅडम, खरं सांगतो, एमबीबीएसला नंबर लागला नाही, आणि इथे नाइट ड्युटी नाही." सगळे हसले. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, चला, कारण काहीही असू दे, ते स्वतःचं असलं की पुरे. त्याच्यानंतर माझी पाळी होती. तो मुलगा माझंच कारण बोलून गेला होता, शब्दाला शब्द. मीही तेवढंच म्हणू शकले असते आणि लोक हसले असते, बस. मी तुला पुन्हा एकदा मारलं. नागपूरच्या त्या मुलीने माझा हात धरला. तो हात मला आजही आठवतो, आणि आठवला की आपला हात कुठेतरी लपवावासा वाटतो.

त्या दिवाळीत मी घरी आले, तेव्हा तुझ्याबरोबर तपासणीला गेले होते. दुपारी धुळ्याच्या बसस्टँडबाहेर आपण उसाचा रस घेतला. तुझी ती दोन लिटरची पाण्याची बाटली मधे ठेवली होती. तू पेला संपवलास, तोंड पुसलंस, आणि अगदी एखाद्याच्या रेशन कार्डाबद्दल विचारावं तशी म्हणालीस, "मन्ही मरानी तारीख काय टाकी वं तू?"

मला काही कळेना. मग कळलं. प्रत्येकाच्या भरलेल्या अर्जाची एक प्रत काढून फाइलला लावायची तुझी सवय. लॉगिन तुझं, पासवर्ड तुझा. तू माझ्या अर्जाचीही प्रत काढली होतीस, आणि काढल्यावर वाचली होतीस. तू चुका पाहायलाच वाचायचीस.

"तारीख नही टाकी तू," तू म्हणालीस. "बिगर तारखना दाखला निंघत नही, माहीत नही का तुले?" आणि हसलीस. मी काहीतरी बडबडले, की तिथे असंच लिहावं लागतं, सगळेच लिहितात. तू म्हणालीस, "राग नही शे मन्हा. मी गई आनि तू पास व्हयनी, तर चांगलंच शे." मग म्हणालीस, "पन ते कारण खोटं शे. खरं काय शे ते सांग. कसाले शिकी राहिनी?"

अक्का, तेव्हा सांगायचं होतं. जागा होती, वेळ होती, तू माफीच्या मूडमध्ये होतीस. एक गुन्हा तू हसत हसत पोटात घातला होतास, दुसराही घातला असतास की नाही कोण जाणे. मी फलाटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "शिरपूर गाडी लागली वाटतं. सोनगीरला थांबेल." तू बाटली उचललीस. चढताना वळून म्हणालीस, "रकाना कोरा शे तुन्हा." तुझ्या डोळ्यांवर तो गडद चष्मा होता.

त्या चष्म्याचंच सांगायचं आहे.

चार वर्षांपूर्वी शिंदखेड्याचे पाहुणे तुला बघायला आले होते. मावशी गेल्यापासून तुमच्या घरात बाईमाणूस नाही, म्हणून आईने मला मदतीला पाठवलं. पोहे मी केले, चहा तू केलास. आदल्या दिवशीच तू मला बजावलं होतंस की काही लपवायचं नाही. लाल कार्ड तू पारदर्शक पाकिटात घालून फाइलमध्ये ठेवलं होतंस. चहा झाला की मुलाशी दोन मिनिटं बोलायचं, कार्ड त्याच्या हातात द्यायचं, आणि विचारायचं की तुझं रक्त तपासून घेतोस का. आबांनाही तू हे पटवलं होतंस. आजार आहे हे सांगून जो होय म्हणेल तोच हवा, असं म्हणालीस, आणि फोटोवरून मुलगा तुला आवडला होता. तू मला तसं सांगितलं नाहीस, पण चहाचे कप तू दोनदा पुसलेस.

तू आत कप भरत होतीस. मी ओट्यावर मुलाच्या आईजवळ पोह्यांची ताटली घेऊन बसले होते. त्या बाई साध्या होत्या. तुला आत पाठमोरी पाहून सहज म्हणाल्या, "पोर बारीक शे, नही?" बस, एवढंच. हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. मला वाटलं, मी शिकलेली आहे, मी सांगू शकते. मी म्हणाले, "तिला सिकलसेल आहे. रक्ताचा आजार आहे, आनुवंशिक. तो मुलांमध्ये उतरतो." त्यांनी विचारलं, "बठ्ठा पोरेसले?" आणि मी मान हलवली. "हो. सगळ्यांना."

 त्यांनी पोहे संपवले, अन्न टाकायची त्यांची रीत नसावी. तू चहा आणलास तेव्हा त्या उठायच्या तयारीत होत्या. मुलगा कप घेताना तुझ्याकडे पाहून थोडा हसला, त्याला अजून काही माहीत नव्हतं. चहा झाला, गाडी लांब जायची आहे म्हणून मंडळी निघाली, आणि तू फाइल हातात धरून दारात उभी राहिलीस. आठ दिवसांनी फोन आला की पोराला नोकरीवाली मुलगी हवी.

तू माझ्याशीच येऊन बोललीस, यापेक्षा मोठी शिक्षा मला कुणी देऊ शकलं नसतं. म्हणालीस, "तेसनी मन्हा डोया दखात व्हतीन." त्या आठवड्यात तुझे डोळे जरा पिवळे दिसत होते, कावीळ झाल्यासारखे, या आजारात तुला ते अधूनमधून व्हायचं. तुला वाटलं, चहा देताना वर पाहिलंस तिथेच घात झाला. मी म्हणाले, "असेल." एवढा एकच शब्द बोलले त्या दिवशी. पुढच्या बाजाराला तू तो गडद चष्मा घेतलास. मग केंद्रातही लावायला लागलीस, ट्यूबलाइटच्या उजेडात. लोक चेष्टा करायचे, मॅडम झाली म्हणून. मीही केली आहे. त्यानंतर दोन ठिकाणं चालून आली, ती तू भेटण्याआधीच नाकारलीस.

आणि मी सांगितलं ते चूक होतं, अक्का. नुसतं चोंबडेपणाचं नव्हे, चूक. पहिल्या सत्रात मॅडमनी फळ्यावर चार घरांची चौकट काढली. आईकडून एक जनुक येतं, बापाकडून एक येतं, दोन्ही बिघडलेली आली तरच आजार. उदाहरण म्हणून आईला आजार, वडिलांचं रक्त साफ, आणि म्हणाल्या, घरं भरा. मी भरली. चारही घरांत तेच आलं, मूल फक्त वाहक. पिवळं कार्ड, आबांच्यासारखं, जे खिशात घेऊन आबा साठीपर्यंत शेतात राबले. आजारी एकही नाही. मला वाटलं माझं चुकलं. पुन्हा भरली. वहीचं पान उलटून तिसऱ्यांदा भरली. शेजारचा लातूरचा मुलगा म्हणाला, अगं बरोबर आहे तुझं.

म्हणजे त्या मुलाने एकदा रक्त तपासलं असतं आणि ते साफ निघालं असतं, तर तुझ्या एकाही मुलाला तुझं दुखणं आलं नसतं. साफ नसतं निघालं, तर तुम्ही दोघांनी बसून ठरवलं असतं. हेच तू त्या दिवशी विचारणार होतीस. तू न शिकता बरोबर होतीस. मी शिकून तुझ्या दारातून माणसं परत पाठवली.

त्या दिवसापासून मी खरी शिकायला लागले. तू विचारलेलं कारण हे आहे. अर्जातलं खोटं, लातूरच्या मुलाचं म्हणशील तर ते निम्मं खरं, आणि हे पूर्ण खरं, जे दोनशे शब्दांत बसलं असतं. सांगणाऱ्याने एक वाक्य चुकीचं सांगितलं तर काय होतं, हे आमच्या वर्गात माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. मॅडम म्हणतात, तुझं समजावणं फार सावध असतं, चांगला गुण आहे. मी मान खाली घालते. त्यांना ती नम्रता वाटते.

शेवटचा फोन तू वॉर्डातून केला होतास. माझी परीक्षा चालू होती. दम लागत होता तुला, दोन शब्द बोलून थांबत होतीस. पेपर कसा गेला विचारलंस. मग म्हणालीस, "तुन्हं कारण राही गयं." मी म्हणाले, "अक्का, तू बरी हो. मी आले की समोर बसून सांगते." तू "बरं" म्हणालीस. तुला घरी आणलं, आणि माझ्या शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी तू गेलीस. मी पेपर देऊन आले. हेही सांगून टाकते, कारण आता काहीच ठेवायचं नाही. मी पेपर देऊन आले आणि तो चांगला गेला.

काल ग्रामपंचायतीत तुझी नोंद करायची होती. घरी मृत्यू झाला की घरच्यांनी माहिती द्यायची असते. गावातले असले कागद आजवर तूच भरायचीस, आता तुझा कोण भरणार? आबांनी फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवला. आम्ही तुझ्याच टेबलाशी बसलो होतो, घरातल्या. कडेला तुझा चष्मा होता, पंचा असावा तसा नीट घडी घालून ठेवलेला, काड्या आत.

मी नाव लिहिलं. वडिलांचं नाव लिहिलं. आणि पुढे हात चालेना. मी पेन खाली ठेवलं आणि आबांना शिंदखेड्याचं सगळं सांगितलं. पोह्यांची ताटली, त्या बाईंचा प्रश्न, माझं उत्तर, ती चार घरं. अर्जात तुला मारलं तेही. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा बस आली असती.

आबा ऐकत राहिले. त्यांचा हात टेबलावर होता, तो त्यांनी हलवला नाही. मग विचारलं, "तिले ठाव व्हतं?"

"अर्जाचं माहीत होतं, आबा. शिंदखेड्याचं नाही."

"मंग तिले सांगाले पाहिजे व्हतं तू," आबा म्हणाले. "आते माले सांगीसन काय?"

आवाज चढला नव्हता. मला वाटत होतं ते चिडतील, किंवा डोक्यावर हात ठेवतील. दोन्हीपैकी काही केलं असतं तर मी सुटले असते. त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला, पेन उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तारीख बराबर टाक, बेटा. खाडाखोड नको करू. तिले चालत नही व्हती."

मी तारीख टाकली. हळू, एकेक आकडा, तू शिकवलंस तसा चौकटीच्या आत. माहिती देणाऱ्याचं नाव या जागी माझं नाव लिहिलं, आणि नात्याच्या जागी बहीण. आबांनी ते वाचलं. फॉर्मची एक प्रत काढून तुझ्या फाइलला लावली आहे.

आबा म्हणाले ते बरोबर आहे. त्यांना सांगून काय? म्हणून तुला सांगते, अक्का. त्या दिवशी तू चहा घेऊन आलीस, तेव्हा त्या बाईंनी तुझ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं. तुझे डोळे त्यांना दिसलेच नाहीत. त्यांनी फक्त माझं ऐकलं होतं.